नवीन ग्राफिक्स कार्ड, वाढवलेली रॅम, तरी गेम अडखळतोच. काय काय तपासू?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप २०२० मधला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). नोकरी लागली की कार्ड बदलायचं हे कॉलेजपासून ठरलेलं होतं. परवा आरटीएक्स ४०६० घेतलं आणि ८ जीबीची आणखी एक स्टिक टाकून रॅम १६ केली. बसवून दुकानातच घेतलं.

आता तक्रार. सायबरपंक २०७७ ला १०८०पी वर सेकंदाला ५५-६० फ्रेम्स (चित्रं) मिळतात आणि शहरातून गाडी चालवताना सारखे झटके बसतात. व्हॅलोरंट तर आधीपेक्षा मंद झालंय. जुन्या कार्डावर आरामात २०० च्या वर असायचं, आता १५०-१६० वर घुटमळतं. कार्ड नवीन आणि फ्रेम्स कमी, हे कसं? मॉनिटर १४४ हर्ट्झचा, विंडोज ११, दोन्ही गेम एसएसडीवर.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (प्रोसेसर) ५५-६० टक्के आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ४५ ते ६० टक्के दिसतं. दोघांकडेही जागा शिल्लक आहे, मग अडतंय कुठे? दुकानदार म्हणतो कार्ड उत्तम आहे, प्रोसेसर बदला. बदलेनही, पण कारण कळल्याशिवाय पुन्हा पैसे घालायचे नाहीत. जाणकारांनी मदत करावी.

पर्वती_पायथा

वाचतोय. माझ्याकडेही ३६०० च आहे आणि कार्ड घ्यायचं चाललंय. वाखू (वाचनखूण) साठवली.

झेंडू

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? मदरबोर्डला की कार्डाला? सगळ्यात आधी ते बघा. मामेभावाने नवीन कार्डाची केबल मदरबोर्डला लावून पंधरा दिवस काढले होते.

कोथरूड_डेपो

झेंडू, एरवी हा पहिला प्रश्न बरोबरच. पण ३६०० मध्ये ग्राफिक्स नाहीतच. मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावली तर स्क्रीन काळीच राहील. तुमच्या मामेभावाचा प्रोसेसर 'जी' वाला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला, असणार.

सिंहगडरोडकर, तीन गोष्टी हव्यात. सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मधला मेमरीचा टॅब, जीपीयू-झेड (तसंच कार्डासाठीचं) चं पहिलं पान आणि गेम चालू असताना प्रोसेसरचं तापमान. तोपर्यंत कोणी काहीही विकत घ्यायला सांगितलं तरी पाकीट खिशातच ठेवा.

तात्या_हडपसर

एसएमपीएस बदला! ४०६० ला कंपनी ५५० वॅट सांगते, तुमचा ४५० चा. कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही, म्हणून ते अर्ध्यावर चालतंय. सरळ हिशोब आहे. माझ्याकडे ६५० चा टाकल्यापासून एकदाही त्रास नाही.

विजेचा_मीटर

तात्या, जरा बेरीज करून बघू. ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट घेतं. ३६०० चा टीडीपी (कागदावरचा वॅटचा आकडा) ६५ असला तरी तो जोरात असताना ८८ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ५०-६० धरा. म्हणजे २७० च्या आत. कंपनी ५५० सांगते ती सगळ्या प्रकारचे प्रोसेसर आणि सुमार एसएमपीएस गृहीत धरून. ४५० चा चांगल्या दर्जाचा असेल तर पुरतो.

आणि मुख्य गोष्ट. वीज कमी पडली की पीसी बंद पडतो, रीस्टार्ट होतो, स्क्रीन काळी होते. तासन् तास स्थिरपणे १५० फ्रेम्स देत बसत नाही. इथे लक्षणच वेगळं आहे. एसएमपीएस पाच वर्षांहून जुना आहे, कधीतरी बदलावा लागेल हे मान्य. पण आजच्या दुखण्यावर तो उपाय नाही.

तात्या_हडपसर

बेरीज पटली. तरी स्थानिक ब्रँडचा असेल तर मी त्यावर नवीन कार्ड ठेवणार नाही. त्या एसएमपीएसवर ८० प्लस (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) लिहिलंय का ते बघा.

सिंहगडरोडकर

८० प्लस ब्रॉन्झ आहे काका. बाकीचे आकडे आज रात्री टाकतो, आत्ता ऑफिसात आहे.

अनारसे

टास्क मॅनेजरमधला तो ५५ टक्के फसवा आहे, त्यावर जाऊ नका. ३६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याची भर साधारण ८ टक्क्यांचीच. गेमचा मुख्य थ्रेड बहुतेक वेळा एकाच जागी घाम गाळत असतो, बाकीचे निवांत असतात आणि सरासरी मात्र छान दिसते. सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा. बारा चौकोन दिसतील, खरं चित्र तिथे कळेल.

उलट जीपीयूचा आकडा बोलका आहे. फ्रेम्सवर कुठे मर्यादा घातलेली नसताना जीपीयू ५० टक्क्यांवर असेल, तर त्याला काम पोचत नाहीये. पोळ्या लाटणारं माणूस एकच असेल तर दुसरा तवा आणून पोळ्या वाढत नाहीत. तुम्ही तवा आणलात. आता लाटणाऱ्याचा हात कशाने अडलाय ते शोधायचं.

खात्री करायला फुकटातली चाचणी. सायबरपंकमध्येच बेंचमार्क (फ्रेम्स मोजणारी चाचणी) आहे. एकदा १०८०पी वर चालवा, मग बाकी सगळं तसंच ठेवून रिझोल्युशन ७२०पी करून पुन्हा चालवा. फ्रेम्स चांगल्या वाढल्या तर कार्ड अडवत होतं. तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष, दोष प्रोसेसर, रॅम किंवा तापमान यातला. माझ्या मुलाच्या पीसीवर हेच करून दुकानदाराशी बोलले होते. हातात आकडे असले की समोरचा नीट ऐकतो.

चहा_कटिंग

सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. ४०६० ला बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि बी४५० जेन ३ चा, म्हणजे त्या वाटांच्या जुन्या, निम्म्या वेगाच्या पिढीचा बोर्ड आहे. कार्ड अर्ध्या बँडविड्थवर चालणार. हे कार्ड या बोर्डावर घ्यायलाच नको होतं. परत करा आणि सोळा लेनचं जुनं ३०६० घ्या.

कोथरूड_डेपो

लेन आठच, बरोबर. जेन ४ वर त्या सेकंदाला साधारण १६ जीबी नेतात, जेन ३ वर ८. हेही बरोबर. पण कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी पुरते आहे तोवर त्या फरकाने गेममध्ये फार काही बिघडत नाही. टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) सगळ्यात वर नेले, वर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा जड हिशोब) लावलं आणि ती मेमरी भरली, की रॅममधून ये-जा सुरू होते. तेव्हा मात्र जेन ३ वर झटके जास्त जाणवतात.

व्हॅलोरंटला यातलं काहीही लागत नाही. तो गेम कार्डावर नाही, प्रोसेसर आणि रॅमवर धावतो. तो २०० वरून १५० वर आलाय, आणि मला या धाग्यातला सगळ्यात मोठा पुरावा तोच वाटतोय. कार्ड बदलून व्हॅलोरंट मंद व्हायला काही कारण नाही. कार्डासोबत दुसरं काय बदललं? रॅम.

जीपीयू-झेड उघडाल तेव्हा बस इंटरफेसच्या शेवटी १.१ दिसलं तर दचकू नका, काम नसताना कार्ड तिथे उतरतं. बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा, मग खरा आकडा येईल. एक्स८ ३.० यायला हवं. एक्स४ २.० आलं तर दुकानदाराने कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलंय असं समजा.

चहा_कटिंग

परत करायचं मागे घेतो. मेमरी भरली तरच फरक, हे लक्षात आलं नव्हतं.

मुळामुठा

मॉनिटर १४४ चा आहे म्हणता, पण विंडोजमध्ये १४४ निवडलाय का? कार्ड बदललं की बऱ्याचदा ते ६० वर जाऊन बसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये बघा. फ्रेम्सचा आकडा यामुळे कमी होणार नाही, पण डोळ्याला सगळं अडखळतंय असं वाटतं.

दुसरं, नवीन कार्ड टाकल्यावर शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) पुन्हा नव्याने बनतात. पहिला अर्धा-पाऊण तास झटके बसतात, ते आपोआप कमी होतात. ते आणि हे एकत्र मोजू नका.

वेताळ_टेकडी

तापमानाचं कोणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी सात वाजताही तापलेली असते. त्यात कॅबिनेट स्टडी टेबलाच्या कप्प्यात, मागे भिंत, पुढे दार. माझं असंच होतं. ३६०० ची मर्यादा ९५ अंश. त्याच्या जवळ गेला की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि गेम बसतो.

महिन्यातून एकदा साफ करा. ब्लोअर नसला तर दीड इंची रंगाचा कोरडा ब्रश पुरतो. बटण बंद, वायर काढलेली, आणि पंख्यावर ब्रश फिरवताना पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. कूलरच्या जाळीत धुळीचा राखाडी थर बसलेला असतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही, पंखा उचलून खालून खरवडावा लागतो. रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात तर दोन आठवड्यांतच बसतो.

जुना_वाडा

थोडं अवांतर, पण इथे विजेचे जाणकार आहेत म्हणून विचारतो. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, विशेषतः अनवाणी असताना. याने गेम मंद होतो का? आणि धोका किती?

विजेचा_मीटर

गेम मंद होत नाही, पण तुमचा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा जास्त तातडीचा आहे.

एसएमपीएसच्या आत मेन्सच्या दोन्ही तारांपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, विद्युत गोंगाट गाळण्यासाठी. अर्थिंग चांगलं असेल तर ती किंचित वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजला लटकत राहतं. करंट फार थोडा म्हणून फक्त मुंग्या येतात. पण याचा अर्थ उद्या खरोखर एखादी तार बॉडीला लागली तर ती वीज तुमच्यातूनच जाणार.

जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे तिसरी तार कुठेच गेलेली नसते. परवानाधारक वायरमन बोलावून मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजायला सांगा. दोन्ही २३० च्या आसपास आणि जवळपास सारखे यायला हवेत. अर्थला काहीच आलं नाही किंवा फारच कमी आलं, तर नवीन अर्थिंग करून घ्या. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. घरमालक तयार होत नसेल तरी यात तडजोड करू नका. आणि तोपर्यंत कॅबिनेट उघडून हात घालू नका.

जुना_वाडा

मनापासून आभार काका. उद्याच वायरमनला बोलावतो.

सिंहगडरोडकर

आकडे घेऊन आलो.

अनारसे ताई, चाचणी केली. १०८०पी वर सरासरी ५८, ७२०पी वर ६१. म्हणजे कार्ड निर्दोष. लॉजिकल प्रोसेसरमध्ये दोन चौकोन सतत छताला टेकलेले होते.

जीपीयू-झेड: एक्स८ ३.०, रेंडर टेस्ट लावून. विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेलं आहे. सायबरपंक खेळताना सीपीयू ८६-८८ अंश.

आणि सीपीयू-झेड: चॅनल सिंगल, डीरॅम फ्रिक्वेन्सी ११९७. दोन्ही स्टिकवर ३२०० छापलंय. कॅबिनेटचा डावा पत्रा काढून बघितलं तर प्रोसेसरकडून मोजत पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅम आहे, तिसरा-चौथा रिकामा. हे बरोबर आहे का?

कोथरूड_डेपो

सापडलं.

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून क्रम सहसा ए१, ए२, बी१, बी२ असा असतो. तुमच्या दोन्ही स्टिक ए चॅनलवरच बसल्यात. बी चॅनल मोकळा. प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा आहेत आणि त्यातली एकच वापरात आहे. दोन स्टिक असतील तर ए२ आणि बी२ मध्ये लावायच्या, म्हणजे दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, एकदा मॅन्युअलशी ताडून घ्या.

दुसरा भाग वेगाचा. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं, कारण डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा हलवते. ११९७ म्हणजे २४००. तुमची जुनी स्टिक एक्सएमपीमुळे (छापलेला वेग लावणारी बोर्डाची सेटिंग) ३२०० वर चालत असणार. नवीन बसवल्यावर बोर्डाने ती सेटिंग सोडून दिली आणि दोघींना जमेल असा सुरक्षित वेग धरला. रायझनमध्ये याचा फटका दुप्पट बसतो, कारण आतल्या भागांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच ठोक्यावर चालतं. रॅम मंद झाली की प्रोसेसरही आतून मंद. आधी एक स्टिक पण ३२०० वर, आता दोन स्टिक पण २४०० वर आणि चॅनल एकच. व्हॅलोरंट का घसरलं त्याचं उत्तर हे.

तात्या_हडपसर

म्हणजे दुकानदाराने चुकीच्या स्लॉटमध्ये टाकून वर प्रोसेसर विकायला बघितलं. जाऊन भांडा.

अनारसे

भांडण नंतर. आधी दुरुस्त करून आकडे घेऊ दे त्यांना. स्लॉटची चूक गर्दीच्या वेळी कोणाकडूनही होते. पण 'प्रोसेसर बदला' म्हणण्याआधी सीपीयू-झेड उघडायला एक मिनिट लागलं असतं, आणि एवढं ग्राहकाने त्यांना शांतपणे सांगायलाच हवं.

सिंहगडरोडकर

काढून लावताना काही काळजी? रॅमला कधी हात लावलेला नाही.

वेताळ_टेकडी

बटण बंद, वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मग आत जा. स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की स्टिक थोडी वर येते. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते, दुसरं टोक पक्कं असतं, तिथे जोर करू नका. लावताना खालची खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ खाली दाबा. क्लिप स्वतःहून टक्कन बसली पाहिजे. आवाज आला नाही तर बसली नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहील, एखाद-दोनदा रीस्टार्टही होईल. बोर्ड रॅम ओळखून घेत असतो. मध्येच बटण दाबू नका.

सिंहगडरोडकर

ए२-बी२ केलं. सीपीयू-झेडमध्ये ड्युअल आलं! मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी लावलं तर पीसी चालूच होईना. तीन वेळा बंद-चालू होऊन पुन्हा २४०० वर आला. जुन्या स्टिकवर सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारे ठोके) लिहिलंय, नवीनवर सीएल२२.

कोथरूड_डेपो

अपेक्षितच. बोर्ड जुन्या स्टिकचं १६ चं टायमिंग नवीनवर लादतोय आणि तिला ते झेपत नाही. एक्सएमपी बंद ठेवा. हाताने वेग ३२०० आणि टायमिंग २२-२२-२२-५२ भरा, व्होल्टेज १.३५. सैल टायमिंगने थोडं नुकसान होतं, पण २४०० पेक्षा हे कितीतरी बरं. चाललं तर रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपा. एकही एरर आली तर वेग ३००० वर आणा. 'गेम चालला म्हणजे झालं' असं समजू नका. रॅमची बारीक चूक फाइल बिघडवते आणि महिनाभराने कळते.

मुळामुठा

मेमटेस्टबद्दल +१. आणि ती स्टिक दुकानदाराला परत देऊन १६ जीबीचं जुळं किट (सारख्या दोन स्टिकची जोडी) मागता येईल का, तेही बघा.

सिंहगडरोडकर

३२०० वर स्थिर! मेमटेस्ट रात्रभर, एरर शून्य.

व्हॅलोरंट २३० च्या वर, म्हणजे १६५० च्या दिवसांपेक्षाही जास्त. सायबरपंकचा बेंचमार्क ७८. गाडी चालवताना झटके अगदी तुरळक. जीपीयू आता ८५-९० टक्के. पंखा उचलून जाळीही साफ केली. निघालेला थर खरंच लोकरीसारखा होता. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढलं आणि तापमान ७६ वर आलं.

रुपया न घालता हे झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रश्न उरतो प्रोसेसरचा. बदलू का?

चहा_कटिंग

बदला. ५७००एक्स३डी त्याच बोर्डावर बसतो, ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे. व्हॅलोरंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

अनारसे

मला पटत नाही. मॉनिटर १४४ चा, व्हॅलोरंट २३० वर. वाढलेल्या फ्रेम्स बघायच्या कुठे? सायबरपंक ७८ वर आहे आणि कार्ड ९० टक्क्यांवर, तिथे आता प्रोसेसर आणि कार्ड जवळपास बरोबरीला आले. क्राउड डेन्सिटी (गेममधल्या रस्त्यांवरची गर्दी) एक पायरी खाली करा, प्रोसेसरचं ओझं आणखी हलकं होईल. पहिल्या नोकरीचे पैसे आहेत, वर्षभर तरी राहू देत.

चहा_कटिंग

ताई, गोळी मारायच्या खेळात १४४ च्या मॉनिटरवरही जास्त फ्रेम्सने प्रतिसाद लवकर मिळतो. हे खेळणाऱ्याला जाणवतं. पण घाई नाही, एवढं मान्य.

कोथरूड_डेपो

मधला मार्ग साधा ५६००. ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ आहे, पण १६-१६ अशी दोन भागांत विभागलेली. ५६०० मध्ये तेवढीच, पण सगळ्या सहा कोअरना एकत्र मिळते, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. बी४५० वर आधी बायोस अपडेट करावं लागेल, तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की मोबाइलमध्ये ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

विजेचा_मीटर

आणि अपडेट गुरुवारी करू नका. महावितरणची दुरुस्ती निघाली आणि मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठणार नाही. यूपीएस असला तरी गुरुवार टाळा.

जुना_वाडा

हे अगदी खरं. आमच्याकडे आजच सकाळपासून नव्हती. वायरमन येऊन गेला, फेज-अर्थला काहीच येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात अर्थिंगचा खड्डा घेतायत. घरमालकही तयार झाले.

पर्वती_पायथा

माझ्या बोर्डाला दोनच स्लॉट आहेत, एकात ८ ची ३२०० सीएल१६. मीही हेच करणार होतो. मग दुसरी कोणती घेऊ?

कोथरूड_डेपो

दोन स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही भरले की ड्युअल चॅनल होतंच, जागेची चूक होऊ शकत नाही. स्टिकवरचा पार्ट नंबर जसाच्या तसा मिळाला तर तीच घ्या. नाही मिळाली तर जुनी विकून ८-८ चं जुळं किट. आणि दुकानातून निघण्याआधी त्यांच्यासमोर सीपीयू-झेड उघडून ड्युअल आणि १६०० दिसतंय ना, ते बघून मग पैसे द्या.

पर्वती_पायथा

शनिवारी रॅम घ्यायला बुधवार पेठेत जातोय. सिंहगडरोडकर, येणार का सोबत?

सिंहगडरोडकर

येतो. मलाही ती सीएल२२ बदलून मागायची आहे, बिल सोबत आणतो. अकराला तपकीर गल्लीच्या तोंडाशी भेटू.